उकंडाजीची अवस

कामावर घेताना उकंडाजी मुकादम माणसाला एकच प्रश्न विचारायचा, "आजवर तुमच्या हातून मोडलं काय काय?"

मलाही विचारला. मी नुकताच वाईहून अमरावतीला आलो होतो. पागोटं नीट बांधलेलं, अक्षर वळणदार, आणि त्या अक्षराचा गर्व अक्षराहून मोठा. छाती काढून म्हणालो, "काही नाही. आजवर माझ्या हातून शाईची दौतसुद्धा कलंडलेली नाही."

समाचाराला आलेला माणूस बघतो तसं उकंडाजीने माझ्याकडे बघितलं. मग शेठजींकडे वळून म्हणाला, "ठेवून घ्या बाप्पा. माणूस गरीब दिसते. शिकन हयूहयू."

मला इतका राग आला की त्याच पावली परत फिरणार होतो. पण परत जायला गाडीभाडं नव्हतं, म्हणून राहिलो. आज अकोल्यात म्हातारपणी बसून त्याच माणसाबद्दल लिहितो आहे, आणि मुद्दाम लिहितो आहे. माझ्या घरापलीकडे वाफेवर चालणारा सरकी काढायचा कारखाना झाला आहे. त्याच्या दारावर पाटी आहे: यंत्रास कोणी हात लावू नये, सांगितले तेवढेच करावे. जाता-येता ती पाटी दिसते आणि माझं डोकं फिरतं. उकंडाजी असता तर त्याने ती पाटी उपटून तिच्यावर झुणका वाढला असता.

तो काळ कापसाचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण आली होती. अमरावतीत ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. न्हावी दाढी करता करता भाव सांगे, भटजी मुहूर्त काढता काढता भाव विचारत. आमच्या शेठजींचं आवार गावाबाहेर होतं. एका बाजूला चाळीस बायका ओळीने चरकीवर बसून कापसातली सरकी काढत. मोकळी झालेली रुई हमाल पोत्यांत भरत आणि आत उतरून पायांनी खुंदत. पोती शिवली की मी काळ्या शाईने त्यांच्यावर शेठजींचा मार्का लिहायचा, आणि गाड्या अकोल्याला शेठजींच्या अडत्याकडे रवाना व्हायच्या. या सगळ्यावर देखरेख उकंडाजीची.

माणूस उंच, वाळका, हातात मुकादमकीची पितळी टोकाची काठी, आणि उजव्या नाकपुडीला भोक. नाव ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. उकंडा म्हणजे उकिरडा. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. हा जन्मला तोही अमावास्येला. सगळ्यांनी आशा सोडली. तेव्हा आईने त्याला उचलून उकिरड्यावर नेऊन टाकला, सुईणीने केरातून उचलून आणला, नाक टोचलं आणि नाव ठेवलं उकंडा. इतक्या वाईट दिवशी, इतक्या वाईट जागी टाकलेलं पोर मृत्यूलाही नकोसं वाटावं, हा हेतू. आणि पोर जगलं.

"म्हनून सांगतो पंत," तो मला म्हणायचा, "चांगल्या दिवसाचं अन् चांगल्या जागेचं मले काई सांगू नका. मी वाचलो तो उकंड्यावर, अन् तेई अवसेले."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. त्याने त्यावर सगळं आवार चालवलं होतं.

अमावास्येला वऱ्हाडात कोणी काम करत नाही. बैल जुंपत नाहीत, सौदा करत नाहीत, आणि नवं काम सुरू करायचं तर नावच काढू नका. आमचंही आवार त्या दिवशी बंद असे. पण पोळ्याची आणि दिवाळीची अवस सोडली तर दर अवसेला सकाळी उकंडाजी फाटक उघडून बसायचा. ज्याला यायचं त्याने यावं, आवारातली कोणतीही वस्तू घ्यावी, आणि मनात येईल तो उपद्व्याप करावा. चरकी उलटी बसवा, पोतं आडवं शिवा, तराजू झाडाला टांगा. दुपारपर्यंत मुभा. भाकरी आणि झुणका मुकादमाकडून.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चक्रावलो. "अहो, नवं काही करायचं तर दसरा आहे, पाडवा आहे. अवसेलाच का?"

"पाडव्याले बिघडलं तं लोक कोनाले हसतीन?"

"करणाऱ्याला."

"अन् अवसेले बिघडलं तं?"

अवसेला सुरू केलेलं बिघडणारच, असं सारा मुलूख म्हणतो. माणसाकडे कोणी बोट दाखवत नाही.

"काहून सुचत नाई मानसाले? सुचते. सगळ्याईले सुचते," उकंडाजी म्हणाला. "भेवते म्हनून सांगत नाई. भेव अवसेच्या डोक्यावर टाकून देल्ला का मानूस मोकया."

त्याचा नियम सोपा होता. बिघडलं ते अवसेचं, साधलं ते माणसाचं. बिघडलेल्या वस्तूच्या करणाऱ्याचं नाव तो कधी घ्यायचा नाही. उलट त्या मोडक्या वस्तूभोवती फिरून खूष व्हायचा. एका हमालाने रुई लवकर वाळावी म्हणून ती छपरावर पसरली. वारा सुटला आणि सगळी रुई शेजारच्या शेठच्या आवारात गेली. "वा रे वा! आतापावतर कापूस गाडीनं गेला होता, हा पायलाच असा चालत गेला," म्हणून उकंडाजी टाळ्या पिटत होता. चरकीवाल्या बायकांची म्होरकी सखूबाई. तिने एकदा मोडक्या रहाटाचं चाक चरकीला बसवलं. चाक भरधाव सुटलं आणि चरकी तिच्यासकट मागे कलंडली. उकंडाजीने ते चाक पुसून, पदरच्या फडक्यात बांधून घरी नेलं. असं प्रत्येक मोडकं काही तो घरी न्यायचा. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "राहू द्या ना."

आणि साधलं तर? तर उकंडाजी पोत्यांच्या ढिगावर चढायचा आणि करणाऱ्याचं नाव घेऊन अख्ख्या अमरावतीला ऐकू जाईल अशा तीन हाका मारायचा. त्या माणसाने जिथे असेल तिथून "ओ" द्यायची. ओ आली की उकंडाजी म्हणायचा, "बस!" आणि खाली उतरायचा. ओ आली नाही तर उतरायचा नाही.

रहीमभाई हमालाचं उदाहरण सांगतो. पूर्वी रुई भरायचं पोतं लाकडी चौकटीला उंच टांगलेलं असे. टोपल्या डोक्यावर घेऊन शिडीने चढायचं आणि वरून ओतायची. रहीमभाईने एका अवसेला जमिनीत खड्डा खणला आणि पोतं त्यात सोडलं. पोत्याचं तोंड जमिनीच्या पातळीला आलं, शिडी गेली, चढणं गेलं. इतकी साधी गोष्ट, पण आजवर कोणी केली नव्हती. उकंडाजी ढिगावर चढून ओरडू लागला, "रहीमभाई!" रहीमभाई होता भारी लाजाळू. तो गाड्यांच्या मागे जाऊन दडला. तीन हाका झाल्या, ओ नाही. उकंडाजी उन्हात तसाच उभा. सूर्य डोक्यावर आला, मुकादमाचं पागोटं घामाने भिजलं. शेवटी बायकांनी रहीमभाईला हाताला धरून बाहेर काढला, तेव्हा त्याच्या घशातून कशीबशी एक "ओ" निघाली.

"बस!" उकंडाजी म्हणाला आणि भोवळ येऊन तिथेच बसला.

आता माझ्याविषयी. वर्षभर मी अवसेला नुसता बघ्या म्हणून जात होतो. उकंडाजी दर वेळी विचारायचा, "पंत, आज तरी काई मोडता का?" मी नाक वर करायचो. पण अकोल्याच्या वाटेवर गाडीवान पोती बदलतात, ओल्या फडक्याने मार्का पुसतात, अशी ओरड होती. मार्का माझा. माझं अक्षर कोणी पुसतो म्हणजे काय! पौषाच्या अवसेला मी धीर केला. मेळघाटातले कोरकू बाजाराला बिबे आणत. परीट कपड्यावर बिब्याची खूण करतो आणि ती जन्मात जात नाही, हे कोणाला ठाऊक नाही? मी शाई सांडून दिली आणि दुसऱ्या दिवशी जायच्या पोत्यांवर बिब्याच्या तेलाने मार्का लिहिला. धुतला, घासला, राख लावली. जाईना. उकंडाजीने मला मिठीच मारली.

बिबा अंगावर उततो, हेही कोणाला ठाऊक नाही? मलाही होतं. पण आपल्या अक्षराच्या प्रेमात पडलेल्या माणसाला ते ऐन वेळी आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी माझी बोटं टरारून सुजली. दहाव्या दिवशी अकोल्याच्या अडत्याचा सांडणीस्वार आला. त्याच्याकडच्या हमालांनी पोती उघड्या पाठीवरून उतरवली होती, आणि झाडून सगळे पाठीवर फोड घेऊन खोबरेल चोळत पालथे पडले होते. त्यातल्या काहींच्या पाठीवर म्हणे शेठजींचा मार्का चांगला वाचता येत होता.

शेठजी तसे वाईट नव्हते, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. सगळ्यांना आवारात उभं केलं.

"मुकादम, बिबा कोणी लावला?"

"अवसेनं," उकंडाजी म्हणाला.

मी पुढच्याच रांगेत होतो. दहाही बोटांना खोबरेलाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. मार्का लिहिणारा सबंध आवारात मी एकटा.

शेठजींनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग उकंडाजीकडे. "अवस म्हणजे काय माणूस आहे का?"

"मानूस नाई म्हनून तं बरं हाये. तिले कामावरून काढता येत नाई."

"मला दिसत नाही असं वाटतं का तुला? आंधळा आहे मी? पण या आवारात तू माझा मुकादम आहेस. ज्याने बिघडवलं त्याचं नाव तुझ्या तोंडून, सगळ्यांच्या पुढे आलं पाहिजे. त्याला आज वाटेला लावतो. लोकांना धाक बसला पाहिजे."

"धाकच तं काढून राह्यलो मी इतके वर्सं, शेठजी. तो परत कायले बसवू?"

मी पुढे सरकलो. "शेठजी, मीच—"

"पंत, तुमाले कोनी इचारलं?" उकंडाजी माझ्यावरच खेकसला. "नाव सांगाची पाळी माही हाये. अन् मी सांगत नाई."

"मग काठी ठेव," शेठजी म्हणाले.

उकंडाजीने काठी त्यांच्या पायाशी ठेवली. इतक्या अदबीने ठेवली की शेठजींचीच पंचाईत झाली. ऐन हंगाम, गावात मुकादम मिळायची मारामार, आणि चाळीस बायका चरकीवरून उठून कमरेवर हात देऊन उभ्या. शेठजींनी काठी स्वतःच उचलली.

"येत्या अवसेला मी इथे येऊन बसतो," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत काही कामाचं निघालं तर काठी परत, तुझी अवस तुला, आणि बिबा मी विसरलो. नाही निघालं तर तू सगळ्यांच्या पुढे नाव घ्यायचं, आणि त्या माणसासंगे तूही चालायला लागायचं."

शेठजींची गाडी गेली. उकंडाजीने सरपणातलं एक पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वाळकं झाड उचललं, त्याच्या काड्या मोडल्या आणि काठीसारखं हातात धरून ओरडला, "चला, बसा चरकीवर! अवस अजून दूर हाये!"

मला चैन पडेना. माझ्या बोटांपायी या माणसाची मुकादमकी जाणार, आणि हा माझं नावसुद्धा सांगत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. एका खोलीचं घर. अंथरूण, दोन भांडी, आणि बाकी सगळीकडे मोडक्या वस्तू. भिंतीला फळ्या ठोकून त्यावर मांडलेल्या, पुसलेल्या. सखूबाईचं चाक, रहीमभाईच्या एका फसलेल्या झोळीची चामड्याची वादी, माझा बिब्याचा कुंचला. कोणाच्या घरी देव असे मांडलेले मी पाहिले नाहीत.

कोपऱ्यात गोणपाटाखाली एक चरकी होती. मी गोणपाट उचललं. चरकीची लाकडी लाट, म्हणजे कापूस ओढणारा रूळ, उभी फुटली होती, दांड्याला तुटकी दोरी लोंबत होती.

"तिले हात नका लावू, पंत."

"ही कोणत्या अवसेची?"

"अवसेची नाई," तो म्हणाला. "त्या दिवशी अवस नव्हती."

मग तो जमिनीवर बसला आणि माझ्याकडे न बघता सांगू लागला. त्याची बायको आमच्याच आवारात चरकीवर बसायची. घराशेजारी एक कोष्टी होता. तो मागावर बसून पायाने पावडी दाबतो आणि हात मोकळे ठेवतो, हे ती रोज बघायची. आपण मात्र एक हात चरकी फिरवण्यात घालवतो आणि एकाच हाताने कापूस लावतो, हे तिला पटेना. एक दिवस तिने चरकीच्या दांड्याला दोरी बांधली, दोरीला फळी बांधली, आणि पायाने फिरवू लागली. चार फेरे झाले. पाचव्याला दोरी तुटली, चरकी उलथली, लाट फुटली. शेठजी तेव्हा आवारातच होते. त्यांनी ओरडून विचारलं, कोणी मोडली?

"मी नवा नवा मुकादम," उकंडाजी म्हणाला. "मले वाटलं, बायकोले पाठीशी घातलं असं कोनी म्हनू नोये. म्या बोट दाखवलं अन् सांगतलं, सारजीनं मोडली."

तो थांबला. वाईत काय आणि वऱ्हाडात काय, नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. माझ्या आईचं नाव वडिलांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"अकरा वर्सं संसार झाल्ता, पंत. 'अवो', 'आयकलं का', यावरच चाललं. तिचं नाव म्या कधी तोंडातून काढलं नव्हतं. पयल्या खेपेले काढलं ते हे असं. चाळीस बायाइच्या पुढं."

"त्या काय म्हणाल्या?"

"काई नाई. उठली, पदर नीट केला, घरी आली. सांजच्याले भाकर वाढली. मंग कधी चरकीवर बसली नाई, अन् म्या कधी इचारलं नाई. दोन वर्सानं पटकीत गेली." त्याने गोणपाट पुन्हा चरकीवर ओढलं, लेकराला पांघरूण घालावं तसं. "आता सांगा, शेठजीले कोनाचं नाव सांगू म्हनता?"

मला रडू आलं, आणि चिंध्या बांधलेल्या बोटांनी डोळे पुसायची सोय नव्हती. डोळ्याला बिबा लागला असता.

ही गोष्ट मी कोणाला सांगायला नको होती. दुपारपर्यंत मी ती सखूबाईला सांगितली होती.

"मले काय सांगता, मी तिच्या बाजूलेच बसली होती," सखूबाई म्हणाली. "दोरी कच्ची होती तिची. अक्कल कच्ची नव्हती." ती बराच वेळ चरकी फिरवत राहिली. मग चरकी थांबवून उठली.

उकंडाजी दुपारी भाकरीला घरी गेला होता; चार बायका घेऊन ती तिथे गेली आणि चरकी मागितली. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "तुही नाई ते. तिची हाये. तिनं मले देली अस्ती." तो दारात आडवा उभा राहिला. बायका त्याच्या बगलेखालून आत शिरल्या, चरकी घेतली, आणि जाता जाता फळीवरचं चाक आणि वादीही घेतली. उकंडाजी आरडाओरडा करत गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आला आणि मग तिथेच उभा राहिला.

शिवरात्रीनंतरची अवस उजाडली. शेठजी आवारात खुर्ची टाकून बसले. पितळी टोकाची काठी त्यांच्या मांडीवर आडवी. आणि मी त्या दिवशी एक गोष्ट पाहिली, ती त्या पाटीवाल्या कारखानदाराने पाहायला हवी होती. मालक बघतो आहे म्हटल्यावर कोणाला काही सुचेना. ज्या हमालाने रुई छपरावर पसरली होती, तो पोती नीट एकावर एक रचून दाखवू लागला. रहीमभाईने झाडलेलं आवार पुन्हा झाडलं. मी बिब्याचा नवा कुंचला घेऊन पोत्याच्या कडेला, जिथे पाठ लागत नाही तिथे, मार्का लिहायचा म्हणून बसलो आणि शेठजींची नजर पडताच कुंचला खाली ठेवला. उकंडाजी पऱ्हाटीची काठी घेऊन एकेकाजवळ जात होता. "बिघडू द्या ना! काहून भेता? अवस हाये ना!" पण अवस त्या दिवशी कोणाला पुरत नव्हती.

सूर्य वर आला. शेठजी जांभई देऊन म्हणाले, "झालं, मुकादम? मग नाव सांग आता."

तेव्हा चरकीवाल्यांच्या ओळीतून सखूबाई उठली आणि चरकी मधोमध आणून ठेवली. उकंडाजीने मान फिरवली. लाट सुताराकडून नवी करून आणलेली. दोरीच्या जागी रहीमभाईची वादी, वादी चाकाला, आणि चाक तेच, जे सखूबाईला घेऊन कलंडलं होतं. या वेळी त्याला दगड बांधून जड केलं होतं. सखूबाई बसली आणि पायाने फळी दाबली.

चार फेरे झाले. पाचवा झाला. सहावा झाला. माझे ओठ मोजत होते. चाक फिरत राहिलं. सखूबाईचे दोन्ही हात मोकळे होते आणि दोन्ही हातांनी ती कापूस लावत होती. मागे सरकी टपाटप पडत होती आणि पुढे रुई अशी सुटत होती की शेजारच्या बाईने टोपली लावली, ती भरली, दुसरी लावली.

शेठजी खुर्चीवरून उठले. वाकून बघितलं, वादी बोटाने दाबून पाहिली. कापसातला माणूस, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोणाची ही?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी उकंडाजीकडे बघितलं. साधलं ते माणसाचं, आणि नाव घ्यायचं ते मुकादमाने. नियम त्याचाच होता.

तो ढिगाकडे गेला. एरवी दोन उड्यांत चढायचा, त्या दिवशी हाताने धरत धरत चढला. वर उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मी मनात म्हणत होतो, मार हाक, अरे मार.

"सारजी!"

चरकीचा आवाज तेवढा चालू होता.

"सारजी!" दुसरी हाक फाटली. तिसरी त्याने डोळे मिटून मारली, आणि ती खरोखर अमरावतीभर गेली असेल.

मग तो थांबला. ओ यायची वाट बघत, सवयीने. ओ आली नाही म्हणून उतरेना. ऊन होतं. शेठजी म्हणाले, "कुठे आहे ती बाई? पुढे बोलवा तिला." रहीमभाईने तोंडावर उपरणं घेतलं. उकंडाजी तिथेच उभा, पऱ्हाटी हातात, आणि मला कळलं की हा आज खाली उतरणार नाही.

"ओ!" सखूबाई म्हणाली.

तिचा पाय थांबला नाही, मान वर झाली नाही, दोन्ही हात कापसात. "ओ! आयकू आलं. अवो, उतरा आता खाली, ऊन लागते."

उकंडाजी खाली आला. "बस" म्हणायचं त्याच्याने झालं नाही. तो चरकीपाशी बसला आणि फिरणाऱ्या चाकावर तळहात धरून राहिला.

मी माझा कुंचला उचलला. बोटांवरचे फोड नुकते सुकले होते. सखूबाईने पाय थांबवला, आणि मी चरकीच्या फळीवर बिब्याने, माझ्या उत्तम अक्षरात, त्या बाईचं नाव लिहिलं. बोटं पुन्हा उतली, पंधरा दिवस उतलेली राहिली. ती चरकी आज माझ्या घरी आहे. फळी काळी पडली, नाव आहे तसं आहे.

शेठजींनी वाकून अक्षरं वाचली. मग माझ्या हातातल्या कुंचल्याकडे बघितलं, आणि काठी उकंडाजीपुढे धरून विचारलं, "मुकादम, हे कोणी लिहिलं?"

उकंडाजीने काठी घेतली. उभा राहिला, आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "पंतानं."